थोड्या दिवसांचे गुरुपण

पन्हाळगडावर गेलेल्या माणसाला बाजीप्रभू देशपांडे आणि शिवा काशीद या दोन वीरांचे पुतळे पाहावयास मिळतात. बाजीप्रभूंची घोडखिंडीतील झुंज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. शिवा काशीद यांची कथा त्याहून लहान आहे. 1660 साली सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला होता. तो वेढा चार महिने उठला नाही. अखेर जुलै महिन्यातील एका पावसाळी रात्री शिवाजी महाराज निवडक मावळ्यांसह विशाळगडाकडे निघाले. शत्रूला चकविण्यासाठी दुसरी एक पालखी निघाली आणि तिच्यात महाराजांसारखा दिसणारा, त्यांचाच वेष केलेला एक माणूस बसला. पन्हाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या नेबापूर गावचा हा नाभिक समाजातील तरुण. पालखी पकडली गेली, ओळख पटली आणि शिवा काशीद मारले गेले. परंपरेने सांगितलेली त्यांची कामगिरी इतकीच. इतिहासाने त्यांच्याजवळ एका रात्रीची सेवा मागितली आणि त्यांनी ती दिली.

त्या पुतळ्यासमोर उभा असताना माझ्या मनात एक प्रश्न आला. सेवेचे मोल तिच्या लांबीवरून ठरते काय? आपल्या धर्मग्रामांत आपण पंचवीस वर्षांचा रौप्यमहोत्सव करतो, पन्नास वर्षांचा सुवर्णमहोत्सव करतो, आणि ते योग्यच आहे. दीर्घकाळ एका ठिकाणी टिकून राहणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु जी माणसे थोड्या दिवसांसाठी आली, काही शिकवून गेली आणि ज्यांचा कोणताही महोत्सव कधी होणार नाही, त्यांचा हिशेब आपण कोणत्या वहीत लिहावयाचा?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी गडावरून फार दूर जावे लागत नाही. पन्हाळ्यापासून अवघ्या वीसेक किलोमीटरवर कोल्हापूर आहे, आणि कोल्हापूर म्हणजे कुस्ती. राजर्षी शाहू महाराज 1902 साली युरोपच्या प्रवासात रोमला गेले, तेथील प्राचीन रंगमंडल त्यांनी पाहिले, आणि तसेच कुस्तीचे मैदान आपल्या राजधानीत असावे असे त्यांना वाटले, असे सांगतात. 1912 साली खासबाग मैदान पूर्ण झाले. ज्या रोममध्ये ख्रिस्ती हुतात्म्यांचे रक्त सांडले त्याच रोममधून मल्लविद्येच्या मैदानाची कल्पना करवीरनगरीत यावी, हा योगायोग आपल्यासारख्यांना विचार करावयास लावणारा आहे.

कोल्हापूरच्या तालमीत गुरूला वस्ताद म्हणतात. वस्तादाचे गुरुपण हे वर्षांच्या मोजमापाचे असते. मूल दहा-बारा वर्षांचे असताना तालमीत येते. पहाटे उठून ते आखाड्यातील लाल माती खणते, जोर-बैठका काढते, थोरांचे अंग रगडते, मार खाते, खुराक खाते आणि मग कुठे एकेक डाव त्याच्या अंगात उतरू लागतो. पठ्ठ्याने कधी झोपावे, काय खावे, कोणाशी बोलावे, हे सारे वस्ताद पाहतो. हे नाते जवळजवळ बापलेकाचे आहे. अशा परंपरेत काही दिवसांपुरत्या आलेल्या शिक्षकाला स्थान असेल, असे कोणाला वाटणार नाही. तथापि महाराष्ट्राच्या सर्वांत थोर कुस्तीगिराच्या जीवनात असा एक शिक्षक येऊन गेला आहे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल. पाच भावांत सर्वांत धाकट्या असलेल्या या मुलाला मातीची ओळख घरातच झाली. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमधील शिक्षणानंतर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांनी त्यांना घडविले. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली आणि प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. बावीस वर्षांचा हा तरुण मातीचा पक्का होता. परंतु लंडनमध्ये माती नव्हती. तेथे गादी होती.

माती आणि गादी यांतील अंतर न खेळणाऱ्याला सहज कळत नाही. मातीत पाय रुततो, घामेजलेल्या अंगाला माती चोळली की पकड बसते, आणि प्रतिस्पर्ध्याची पाठ लागेपर्यंत दम धरता येतो. गादीवर पाय सरकतो, वेळ बांधलेली असते, आणि पाठ लागली नाही तर पंच निर्णय देतात. ज्याने आयुष्यभर मातीत कुस्ती केली त्याला गादीवर पुन्हा उभे राहण्यापासून शिकावे लागते. खाशाबांना हे शिकविणारा माणूस लंडनच्या त्या मुक्कामातच भेटला. त्याचे नाव रीस गार्डनर. तो अमेरिकेचा कुस्तीगीर. ना तो खाशाबांच्या गावचा, ना भाषेचा, ना धर्माचा. त्याने या परक्या तरुणाला गादीवरच्या कुस्तीची वाट दाखविली. खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला पहिल्या काही मिनिटांतच हरवून प्रेक्षकांना थक्क केले आणि 52 किलो वजनाच्या गटात सहावा क्रमांक मिळविला. मुक्काम संपला, स्पर्धा संपल्या, आणि त्याबरोबर गार्डनर यांचे गुरुपणही संपले.

पुढील चार वर्षे खाशाबांनी मातीत आणि मातीबाहेर कष्ट केले. गोविंद पुरंदरे यांनी त्यांची तयारी करून घेतली. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा नव्हता. गावोगाव मदत गोळा झाली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. 23 जुलै 1952 रोजी खाशाबांनी 57 किलो गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परत आल्यावर कऱ्हाड परिसरात त्यांची दीडशेहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

आता मी वाचकांना विचारतो, हे पदक कोणाचे? खाशाबांचे तर खरेच. परंतु त्यात दादासाहेबांची वर्षे आहेत, कोल्हापूरच्या गुरुजनांची वर्षे आहेत, पुरंदरे यांची मेहनत आहे, खर्डेकरांचे घर आहे आणि गार्डनर यांचे ते थोडे दिवसही आहेत. त्या दिवसांना वेगळे काढून तोलता येत नाही. तोलू गेलो तर एक गोष्ट मात्र स्पष्ट होते. गार्डनर यांचे थोडे दिवस फळाला आले, कारण त्यांच्या मागे इतरांची पुष्कळ वर्षे उभी होती. गोळेश्वरच्या मातीत तयार झालेले अंग नसते, तर जगातील कोणताही शिक्षक त्या मुक्कामात काही शिकवू शकला नसता. तसेच गार्डनर यांच्या स्वतःच्या अंगात गादीवरची अनेक वर्षे मुरलेली नसती, तर देण्यासारखे त्यांच्याजवळ काय असते? जी सेवा थोडक्यात आटोपलेली दिसते तिच्या दोन्ही बाजूंना दीर्घ आणि अदृश्य तयारी असते.

आपल्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी हेच सत्य आहे. प्रभू येशूचे जाहीर जीवन सुमारे तीन वर्षांचे. त्याआधीची तीस वर्षे नाझरेथच्या सुताराच्या घरात गेली आणि शुभवर्तमानकारांनी त्यांविषयी फारसे काही लिहिले नाही. संत योहान बाप्तिस्मा याचे कार्य तर त्याहून थोडक्या काळाचे. अरण्यात वाढलेला हा संदेष्टा नदीकाठी उभा राहिला, येणाऱ्याकडे त्याने बोट दाखविले आणि आपले शिष्य त्याच्या स्वाधीन करून तो बाजूला झाला. शिष्याला स्वतःजवळ न ठेवता पुढच्याकडे पोचविणे, हे थोड्या दिवसांच्या गुरूचे मुख्य काम त्याच्याइतके चोख कोणी केले नाही.

आपल्या स्मरणातील उदाहरण घ्यावयाचे तर पोप पहिले जॉन पॉल यांचे घेता येईल. 26 ऑगस्ट 1978 रोजी त्यांची निवड झाली आणि 28 सप्टेंबर रोजी ते देवाघरी गेले. अवघे 33 दिवस. त्यांनी कोणतेही परिपत्रक काढले नाही, कोणतीही परिषद बोलावली नाही. ज्येष्ठ वाचकांना त्यांचे हसू आठवत असेल. परंतु त्या हसऱ्या बत्तीस-तेहतीस दिवसांच्या मागे बेल्लुनो येथील गुरुकुलात शिकविण्याची वर्षे होती, मुलांना धर्मशिक्षण सोपे करून कसे द्यावे याचा ध्यास होता, बिशप म्हणून केलेली सेवा होती. 4 सप्टेंबर 2022 रोजी ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित घोषित केले. ख्रिस्तसभेने त्यांच्या सेवेचे दिवस मोजले असते, तर हा सन्मान झाला नसता.

सिरेनेचा शिमोन याचाही येथे विचार करावा. शेतावरून येत असलेला हा माणूस. त्याला सैनिकांनी धरले आणि प्रभूचा क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. काम स्वखुशीचे नव्हते, आणि वाटही फार लांब नव्हती. परंतु संत मार्क आपल्या शुभवर्तमानात त्याच्या दोन मुलांची, अलेक्झांडर आणि रूफस यांची, नावे देतो; जणू वाचणाऱ्या मंडळींना ती मुले ठाऊक होती. थोड्या वाटेचे ते ओझे पुढच्या पिढीपर्यंत पोचले होते.

येथवर आल्यावर लेख संपविणे सोपे झाले असते. थोडी सेवाही थोर असते, असे म्हणून आपण सर्वांनी समाधानाने घरी जावे. परंतु असे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि त्यातील खोटा अर्धा भाग मी स्वतःच्या आयुष्यावरून ओळखतो.

1970च्या दशकात मी व्यायामशिक्षक म्हणून पन्हाळ्याच्या पायथ्याजवळच्या एका शाळेत एक वर्ष नोकरी केली. मी वसईकडचा, नवा पदवीधर. गाव मला परके होते, आणि गावाला मी. रविवारी मिस्सेसाठी कोल्हापूरला जाण्यास एसटी मिळाली तर नशीब. त्या शाळेतील आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. अनवाणी धावत असे आणि सुरेख धावत असे. त्याची एकच खोड होती. पहिल्या फेरीतच तो सगळे बळ उधळून टाकी आणि शेवटच्या फेरीत मागे पडे. मी त्याला श्वास सांभाळावयास शिकविले, वेग राखून ठेवावयास शिकविले. सकाळी धुक्यात आम्ही गडाच्या रस्त्यावर धावत असू. तालुक्याच्या स्पर्धेत तो दुसरा आला. पुढच्या वर्षी जिल्ह्याला पहिला येईल, अशी माझी खात्री होती.

पुढच्या वर्षी मी तेथे नव्हतो. घराजवळच्या शाळेत कायमची जागा मिळाली आणि मी मे महिन्यात सामान बांधले. एसटीपाशी तो मुलगा आला होता. "सर, परत येणार न्हवं?" त्याने विचारले. मी म्हणालो, "येईन. आणि पत्र लिहीन." त्याची दोन पोस्टकार्डे आली. दुसऱ्यात त्याने लिहिले होते की सरावाला आता कोणी नाही, कसे धावावे ते कळवा. मी एकाही कार्डाला उत्तर दिले नाही. नवी नोकरी, लग्न, घर. कारणे होती, आणि कारणे नेहमीच असतात.

माझी नोकरी सोडणे हा अपराध होता, असे मी मानत नाही. वडील आजारी होते, घराला पगाराची गरज होती, आणि माणसाने आपल्या माणसांकडे जाणे यात पाप नाही. तरीसुद्धा आजवर मला ते वर्ष आठवले की लाज वाटते. ही लाज नेमकी कशाची? माझ्या गुरुपणाचे दिवस थोडे होते, याची नव्हे. गार्डनर यांचे दिवस माझ्याहून थोडे होते. लाज आहे ती याची की, दिवस संपल्याबरोबर माझे ऋणही संपले, असे मी धरून चाललो.

या बाबतीत मला संत पौलाने आरसा दाखविला. प्रेषितांची कृत्ये सांगतात की थेस्सलनीका येथील सभास्थानात पौलाने तीन शब्बाथ दिवस लोकांशी संवाद केला. मग दंगल झाली, आणि बंधुजनांनी त्याला रातोरात गावाबाहेर काढले. तेथे तो आणखी काही दिवस राहिला असे मानले, तरी एकूण मुक्काम थोडकाच. एखादा शिक्षक म्हणाला असता की माझे काम झाले, उरलेले देव पाहील. पौल तसे म्हणाला नाही. पुन्हा जाण्याचे त्याचे प्रयत्न फसले, तेव्हा त्याला राहवेना. स्वतः एकटा मागे राहून त्याने तीमथ्याला त्यांची विचारपूस करावयास पाठविले. आणि तीमथ्य चांगली बातमी घेऊन आला, तेव्हा त्याने पत्र लिहिले. बहुसंख्य अभ्यासक त्या पत्राला नव्या करारातील सर्वांत आधीचे लेखन मानतात. म्हणजे नव्या करारातील लेखनाचा आरंभच एका अपुऱ्या राहिलेल्या शिकवणीतून, दूर गेलेल्या गुरूच्या काळजीतून झाला. मला दोन पोस्टकार्डांची उत्तरे लिहिता आली नाहीत.

मेंढपाळ आणि मोलकरी यांच्यातील भेद प्रभूने सांगितला आहे. आपण सहसा असे समजतो की जो राहतो तो मेंढपाळ आणि जो जातो तो मोलकरी. परंतु वर्षानुवर्षे एका जागी राहूनही माणूस मोलकरी असू शकतो, आणि तीन आठवडे राहूनही मेंढपाळ असू शकतो. ज्याला मेंढरांची काळजी नाही तो मोलकरी, हा खरा निकष आहे. थोडा काळ ही परिस्थिती आहे. ती बहुधा आपल्या हाती नसते. बदली होते, आजार येतो, घरून बोलावणे येते, मृत्यू येतो. काळजी मात्र आपल्या हाती असते, आणि निरोपाच्या दिवशी ती संपलीच पाहिजे असा कोणताही नियम नाही.

हा विचार आपल्या धर्मग्रामांच्या रोजच्या व्यवहारात उतरवावयास हवा. एखादे तरुण धर्मगुरू येतात, मुलांना जमवितात, गायनवृंद उभा करतात, आणि दोन वर्षांत त्यांची बदली होते. आपण बिशपांवर रुसतो, आणि नव्या फादरांशी जुन्यांची तुलना करतो. त्याऐवजी आपण असे विचारावे की त्यांनी जे दोन वर्षांत दिले ते आपल्या अंगात उतरले आहे काय? खाशाबांनी लंडनहून परत आल्यावर गार्डनर नाहीत म्हणून गादी सोडली नाही. शिकविणारा गेल्यावर शिकलेले टिकविणे, ही शिष्याची बाजू आहे.

शिष्याच्या बाजूची दुसरी गोष्ट म्हणजे कृतज्ञता. हेलसिंकीहून परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, ती जिंकली, आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्य खर्डेकरांचे गहाण पडलेले घर सोडविले. या माणसाला पुढे समाजाने काय दिले, हा प्रश्न वेगळा आणि दुःखाचा आहे. 1955 साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले, 14 ऑगस्ट 1984 रोजी अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. परंतु स्वतःचे ऋण त्यांनी थांबवून ठेवले नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या आयुष्यात कोणीतरी थोड्या दिवसांसाठी आलेले असते. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीला एकच वर्ष शिकविणारी बाई, सुट्टीत पेटी शिकवून गेलेले ब्रदर, रुग्णालयात एका रात्री उशाशी बसलेली परिचारिका. यांतील एकाचे तरी नाव आज रात्री कौटुंबिक रोझरीच्या वेळी घ्यावे. मुलांनी विचारले की हे कोण, तर सांगावे.

आणि जो स्वतः थोड्या दिवसांचा गुरू झाला आहे त्याने काय करावे? गेल्या वर्षी पन्हाळ्याहून परत आल्यावर मी एक पोस्टकार्ड आणले. त्या मुलाचे नाव आणि गाव मला आठवत होते. पूर्ण पत्ता नव्हता. आता तोही आजोबा झाला असेल. मी लिहिले की तुझ्या पत्राचे उत्तर द्यावयास मला पन्नासेक वर्षे लागली, त्याबद्दल क्षमा कर. मग थोडा वेळ लेखणी थांबली. काय लिहावे ते सुचेना. शेवटी त्याने जे विचारले होते त्याचेच उत्तर लिहिले. पहिली फेरी सावकाश धाव. श्वास नाकाने घे. शेवटच्या फेरीसाठी बळ राखून ठेव.

अद्याप उत्तर आलेले नाही. उत्तराची वाट पाहण्याचा हक्क मी केव्हाच गमावला आहे. त्याने वाट पाहिली ती किती काळ, हे मला कधीच कळणार नाही. पण कार्ड पेटीत टाकताना मला असे वाटले की त्या एका वर्षाचे काम अजून चालू आहे.